मोगूबाई ऐकताना



शास्त्रीय गाणे आपल्यासाठी नव्हे, अशी माझी समजूत होती. बोईसरच्या गाडीत रोज भेटणाऱ्या एका बाईंनी सांगितले, "ताई, आधी किशोरी आमोणकरांचा भूप ऐका, मग त्यांच्या आईंचे गाणे."

भूप आवडला. त्यात पाचच स्वर, हे कळल्यावर तर धीरच आला! पण मोगूबाई कुर्डीकर कानाला परक्या वाटल्या. ध्वनिमुद्रिका जुनी, खरखर फार. मग त्यांची हकिकत वाचली. १९०४ साली गोव्यातील कुर्डी गावी जन्म, आईचे छत्र लवकर हरपले, नाटक मंडळीत कामे केली, पुढे अल्लादियाखाँसाहेबांची तालीम मिळाली. ते कुर्डी गाव नंतर साळावली धरणात बुडाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की सोमेश्वराचे देऊळ आणि घरांची जोती वर येतात.

येथे मी थबकले. माझे माहेरही असेच एका प्रकल्पात गेले. आई अजून नव्या वसाहतीत जुन्या विहिरीच्या खुणा सांगते. त्या रात्री तिच्याजवळ बसून मोगूबाई पुन्हा लावल्या. रागाचे नाव आईला ठाऊक नव्हते. म्हणाली, "ह्या बाईला मुळीच घाई नाही गं. परत लाव."

येत्या शुक्रवारी भजनानंतर तेच गाणे येथे लावू. ज्यांना सवड असेल त्यांनी थांबावे, चहा माझ्याकडे.