वीज लोखंडाला भुलते काय?



वैशाख सरत आला की आपल्या मुळशी खोऱ्यात दुपार कलताच डोंगरामागून ढग चढू लागतात आणि वळवाची वीज कडाडते. अशा वेळी शेतावरचा माणूस पुष्कळदा दोन गोष्टी करतो. हातातला कोयता लांब भिरकावतो आणि जवळच्या आंब्याखाली जाऊन उभा राहतो. कारण विचारले तर म्हणतो, 'लोखंड विजेला ओढते.' पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूतही त्याच घरची. पायाळूपणाचा आणि विजेचा काडीइतकाही संबंध नाही, एवढे सांगून ती आम्ही येथेच सोडतो. लोखंडाची समजूत मात्र चिवट आहे, कारण तिच्यामागे डोळ्यांनी पाहिलेला अनुभव आहे. लोहचुंबक खिळा ओढतो, तेव्हा ओढ म्हटली की ती लोखंडाचीच, असे मनाने धरून ठेवले आहे. पण निसर्गात ओढण्याच्या तऱ्हा एकाहून अधिक आहेत. त्यांतल्या दोन आज वेगळ्या ओळखता आल्या, तर कोयत्याची भीती जाईल आणि आंब्याची वाटू लागेल. ती वाटावी, हाच आजच्या भाषणाचा हेतू.

प्रथम घरी करता येण्याजोगा प्रयोग घेऊ. कोरड्या केसांतून प्लॅस्टिकचा कंगवा दहावीस वेळा फिरवावा आणि कागदाच्या कपट्यांजवळ धरावा. कपटे उडी मारून चिकटतात. तोच कंगवा नळाच्या बारीक धारेजवळ नेला तर धार वाकते. घासल्यामुळे कंगव्यावर विद्युद्भार साचतो. भार दोन जातींचे, धन आणि ऋण. सजातीय भार एकमेकांना दूर लोटतात, विजातीय जवळ ओढतात. भार साचून जागच्या जागी राहतो, म्हणून हिला स्थिरविद्युत म्हणतात.

आता लोहचुंबक घ्या. त्यालाही दोन ध्रुव, उत्तर आणि दक्षिण. तेथेही सजातीय लोटतात आणि विजातीय ओढतात. येथवर दोघे सख्खे भाऊ वाटतात. पण थोडी उलटतपासणी करू. कंगवा कागद, भुसा, पाणी असे काहीही ओढतो. चुंबकाची ठळक ओढ लोखंड, निकेल, कोबाल्ट अशा मोजक्याच धातूंना लागते. तांब्याच्या तांब्याला तो ओळखही दाखवीत नाही. कंगव्याला ओला हात फिरविला की भार निघून जातो. चुंबक हाताळून रिता होत नाही. सर्वांत मोठा भेद असा की, धन भार एकटा सापडतो, ऋण भारही एकटा सापडतो. चुंबकाचे मात्र दोन तुकडे केले तर प्रत्येक तुकड्याला पुन्हा दोन्ही ध्रुव असतात. एकाच ध्रुवाचा चुंबक आजवर कोणाच्या हाती लागलेला नाही.

मग या दोघांचा संबंधच नाही काय? आहे, पण भार चालू लागला म्हणजे. तारेतून प्रवाह सोडताच शेजारची चुंबकसुई वळते, हे ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने १८२० साली दाखविले. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चाले. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे दिसताच, त्यांच्या प्रवाहाने मोजणीत खोट येईल हे ओळखून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभारावी लागली. चालत्या भाराचा चुंबकावर अंमल चालतो, याचा आपल्या मुलखातला हा दाखला.

उलट क्रिया फॅरडेने १८३१ साली दाखविली. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलविला की तारेत प्रवाह वाहतो. आपल्या मुळशी धरणाचे पाणी डोंगर पोखरून कोकणात भिऱ्याला उतरते, चक्रे फिरविते, चक्रांबरोबर चुंबक फिरतात आणि तांब्याच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. भिऱ्याचे हे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. याच धरणाविरुद्ध १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह पुकारला, सेनापती बापटांनी त्यापायी तुरुंगवास भोगला, आणि तरीही घरेदारे व भातखाचरे पाण्याखाली गेली. चुंबक फिरते ठेवण्यासाठी ज्या खोऱ्याने एवढी किंमत दिली, त्याने स्थिरविद्युतेच्या अज्ञानापायी आणखी माणसे गमवावीत, हे आम्हांला सोसवत नाही.

आता ढगाकडे वळू. उंच ढगात बर्फाचे बारीक कण आणि मऊ गारा एकमेकांवर आपटतात. हलके कण धन भार घेऊन वर जातात, जड गारा ऋण भार घेऊन खाली राहतात. ढगाच्या तळाचा हा भार खालच्या जमिनीवर विरुद्ध भार गोळा करतो. कंगवा आणि कपटा यांचाच हा मोठा खेळ. ताण असह्य झाला म्हणजे ढगातून भार टप्प्याटप्प्याने उतरतो आणि झाड, मनोरा, उघड्या माळावरचा माणूस अशा उंच वस्तूंतून विरुद्ध भार त्याला भेटावयास वर सरसावतो. गाठ पडली की वीज पडली. त्या क्षणी हजारो अँपिअरचा प्रवाह वाहतो आणि चुंबकत्वही उत्पन्न होते, हे खरे. पण वीज कोठे पडावी हे ठरताना लोहचुंबकी ओढीला कोणी विचारीत नाही. तेथे उंची, एकाकीपणा आणि टोकदारपणा यांना महत्त्व. पुरावा म्हणून इमारतीवरचा वीजरोधक पाहा. तो बहुधा तांब्याचा असतो, म्हणजे चुंबक ज्याला विचारीत नाही त्या धातूचा. उलट पत्र्याची बंद मोटार आतल्या माणसांना सांभाळते, कारण प्रवाह पत्र्याच्या बाहेरच्या अंगाने जमिनीत निघून जातो. तेथे धातूच तारतो.

म्हणून आमची विनंती आहे. चमक दिसली की आकडे मोजा. आवाज येण्यास तीन सेकंद लागले तर वीज सुमारे एक किलोमीटरवर आहे. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर काम टाकून पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाचा आसरा घेऊ नका, कारण बुंध्यावरून वीज शेजारच्या माणसावर उडी घेते. काहीच आडोसा नसेल तर झाड, पाणी आणि तारेचे कुंपण यांपासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे होऊ नका, घोळका करू नका. खांद्यावरचे लांब दांड्याचे अवजार खाली ठेवा, ते लोखंडाचे म्हणून नव्हे, उंच म्हणून. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात भार उरत नाही, तेव्हा त्याला हात लावण्यास कचरू नका. श्वास थांबला असेल तर छाती दाबण्याचा उपचार तात्काळ सुरू करा आणि दवाखान्याची गाडी बोलवा.

यंदाचा वळीव येईल तेव्हा कोयता कोठे पडला याची चिंता करू नका. पाय तेवढे आंब्याकडे वळू देऊ नका.