डोळ्यातले फूल आणि अर्धवट औषध
(वार्षिक समारंभातील व्याख्यान)



आपला गोंदिया जिल्हा धानाचा. कापणी-मळणीच्या दिवसांत धानाचे पाते किंवा तूस डोळ्याला लागणे नित्याचे. ते किरकोळ समजून दुकानातून थेंब आणले जातात. धोका तिथेच सुरू होतो.

बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्याला कॉर्निया म्हणतात. मध्यभागी तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्याच्या खोल जखमेचा पांढरा डाग राहतो. त्यालाच आपण ‘फूल पडले’ म्हणतो.

या पडद्याचे दोन दाह विशेष चिवट. पहिला बुरशीचा, पात्याच्या जखमेतून बुरशी आत शिरते. त्यावर नॅटामायसिनचे थेंब सुरुवातीला तासातासाने आणि पुढे काही आठवडे घालावे लागतात. दुसरा हर्पीस विषाणूचा. ओठांवर तापाचे फोड आणणारा हा विषाणू मज्जातंतूत दडून राहतो आणि कित्येक वर्षांनीही उलटतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात वर्षभर असायक्लोव्हिरच्या गोळ्या घेणाऱ्या १९ टक्के रुग्णांत दुखणे उलटले; न घेणाऱ्यांत ३२ टक्के.

आता मुख्य मुद्दा. हर्पीसच्या खोल दाहात डॉक्टर विषाणूरोधक औषधाच्या जोडीने स्टेरॉइडचे थेंब देतात, हळूहळू कमी करतात. तेच थेंब बुरशीच्या जखमेत पडले तर लाली उतरते, बरे वाटते, पण आत रोग पसरतो. प्रसंगी डोळा जातो. म्हणून आधी तपासणी, मग औषध. शेजाऱ्याची उरलेली बाटली नको, दुखऱ्या डोळ्यात सुरमाही नको. पुष्कळ सुरम्यांत शिसे असते. बरे वाटले म्हणून मध्येच औषध सोडू नये.

अकराव्या शतकात बगदादच्या अली इब्न ईसा यांनी नेत्ररोगांवर ‘तझकिरतुल कह्हालीन’ हा ग्रंथ लिहिला. तो शतकानुशतके अभ्यासला गेला. असा वारसा सांगणाऱ्यांनी न वाचता थेंब घालणे शोभत नाही.

विद्यार्थी मित्रहो, घरातील बाटलीवरचे नाव तुम्ही वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी काही दिसले आणि ते डॉक्टरांनी दिलेले नसेल, तर वडीलधाऱ्यांचा हात अदबीने थांबवा. डोळा लाल होऊन दुखत असेल, उजेड सोसत नसेल, तर त्याच दिवशी त्यांना नेत्रतज्ज्ञाकडे न्या. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तुमच्या शिक्षणाने घरातला एक डोळा वाचला, तरी या संस्थेचे श्रम सार्थकी लागले.

खुदा हाफिज.