व्हेक्टरमध्ये काच: कटिंग चहाचा ग्लास कसा काढायचा

(ऑडिओ भागाचा मजकूर. बोलण्याची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

इंकस्केप शिकणाऱ्यांकडून मला एक प्रश्न हमखास येतो. "ग्लास काढला, निळसर रंग दिला, ओपॅसिटी कमी केली, वर पांढरा चमकता पट्टा टाकला, तरी प्लास्टिकचाच दिसतो. असं का?" आजचा भाग त्यावरच आहे. जमलं तर स्वयंपाकघरातून काचेचा एक रिकामा ग्लास आणा आणि समोर ठेवून ऐका.

पहिली गोष्ट. काचेला स्वतःचा रंग जवळपास नसतो. आपल्याला दिसतं ते दोन प्रकारचं असतं: काचेतून वाकून आलेलं मागचं दृश्य आणि काचेवरून परत फिरलेला उजेड. समोरून सरळ पडलेल्या उजेडापैकी एका पृष्ठभागावरून साधारण ४ टक्केच परत फिरतो. म्हणून ग्लासच्या मधल्या भागात काच आहे की नाही हे कळत नाही. उजेड जितका तिरका पडेल तितका जास्त परत फिरतो, आणि अगदी कडेला तर जवळपास सगळाच. म्हणून ग्लासची सगळी मजा कडांना असते. मधल्या भागावर निळा-राखाडी ग्रेडियंट फासला की तिथेच प्लास्टिक होतं.

आता ग्लास पांढऱ्या भिंतीसमोर धरा. कडा काळपट दिसतील. मग काळ्या कापडासमोर धरा आणि बाजूने दिवा लावा. त्याच कडा पांढऱ्या होतील. काचेच्या वस्तूंचे फोटो काढणारे याच दोन पद्धतींनी काम करतात. म्हणून फाईल उघडल्यावर आधी पार्श्वभूमीचा रंग ठरवा, ग्लास नंतर. "पारदर्शक पार्श्वभूमीवर काढतो, मग कुठेही वापरतो" हे काचेच्या बाबतीत चालत नाही.

हे सगळं नुसतं अभ्यासापुरतं नाही. आमच्या मीरा-भाईंदरला सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर एक चहाची टपरी आहे. काकांना नवा बोर्ड करायचा होता. आधीच्या बोर्डवर इंटरनेटवरून उचललेला चिनी मातीचा कप होता, बशीसकट, वर फेसाची नक्षी. चित्र लहान होतं, ते ताणून मोठं केल्यामुळे कपाच्या कडेला चौकोन चौकोन दिसायचे. पण काकांची तक्रार वेगळी होती. ते म्हणाले, "दादा, हे बघून लोक कॉफी मागतात. आपला ग्लास काढ." फ्लेक्सचे पैसे म्हणजे टपरीच्या काही दिवसांची कमाई. बोर्ड एकदाच छापला जाणार आणि पुढची दोन-तीन वर्षं तोच टांगलेला राहणार. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला रिक्षातून क्षणभर बघून कळलं पाहिजे की इथे कटिंग मिळतं. व्हेक्टर इथे कामाला येतं, कारण पाथ कितीही मोठा केला तरी फुटत नाही. तर तोच ग्लास आपण टप्प्याटप्प्याने काढू.

एक, आकार. वर रुंद, खाली किंचित निमुळता. तोंडाला एक लंबवर्तुळ, बुडाला एक. आपण ग्लासकडे थोडं वरून बघत असतो, त्यामुळे बुडाचं लंबवर्तुळ तोंडापेक्षा जास्त उघडं दिसतं. वरचंच कॉपी करून खाली ठेवलं की ग्लास वाकडा वाटतो आणि चूक कुठे आहे ते सापडत नाही. तोंडाच्या कडेला जाडी असते, म्हणून तिथे एकात एक दोन लंबवर्तुळं काढा.

दोन, चहा. इथे एक गंमत आहे. ग्लासची भिंत जाड असते, म्हणून आपण चहाचा आकार भिंतीच्या आत, थोडी जागा सोडून काढतो. प्रत्यक्षात तसं दिसत नाही. साध्या काचेचा अपवर्तनांक साधारण १.५ आहे, आणि गोल ग्लासची आतली त्रिज्या बाहेरून बघताना तेवढ्या पटीने मोठी दिसते. समजा बाहेरची त्रिज्या २५ मिलिमीटर आणि आतली २२. बावीसची दीडपट तेहतीस, म्हणजे बाहेरच्या कडेच्याही पलीकडे. म्हणून चहा थेट बाहेरच्या कडेपर्यंत भरलेला दिसतो. खोटं वाटत असेल तर ग्लासात चहा ओतून बघा. चहाचा रंग बाहेरच्या रेषेपर्यंत न्या, ग्लास लगेच खरा वाटू लागतो.

बुडाला मात्र भरीव काच असते. तिथे चहा थांबतो आणि खाली स्वच्छ काचेचा थर उरतो. त्या थरात चहाचा तपकिरी रंग तुटक तुटक उतरतो, मध्येच एखादा अगदी उजळ तुकडा असतो. दोन-तीन वेडेवाकडे तुकडे पुरतात. दुधाचा चहा अपारदर्शक असल्यामुळे त्यातून मागचं काही दाखवावं लागत नाही, हे आपलं नशीब. त्याच जागी पाणी असतं तर ग्लास भिंगासारखा वागला असता आणि मागचं दृश्य डावं-उजवं उलटं दिसलं असतं.

तीन, पैलू. कटिंगच्या ग्लासला उभ्या पट्ट्या असतात. समोरची पट्टी सगळ्यात रुंद, कडेकडे जाताना अरुंद. सगळ्या सारख्या रुंदीच्या काढल्या तर ग्लास चपटा होतो. प्रत्येक पट्टीला चहाच्याच रंगाची थोडी वेगळी छटा द्या, आणि दोन पट्ट्यांमध्ये ग्रेडियंट न करता सरळ तुटक सीमा ठेवा. काचेत छटा हळूहळू बदलत नाहीत, एकदम बदलतात. प्लास्टिक आणि काच यातला डोळ्याला जाणवणारा मोठा फरक हाच.

चार, चमक. ही सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी. चमक म्हणजे उजेड जिथून येतो त्याचं प्रतिबिंब. ट्यूबलाइट असेल तर लांब पट्टी, खिडकी असेल तर चौकटी. पैलू बदलला की चमकही तिथे तुटली पाहिजे. गोल पांढरा ठिपका टाकून वर ब्लर केला, तर तो कुठल्याच दिव्याचा राहत नाही.

पाच, सावली. चहाच्या भागाची सावली गडद आणि तपकिरीकडे झुकणारी. पण बुडाच्या काचेतून उजेड गोळा होऊन सावलीच्या मध्येच एक उजळ डाग पडतो. तो डाग काढला की ग्लास टेबलावर बसतो.

काकांना चित्र दाखवलं तेव्हा ते काचेबद्दल एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, "एवढा भरू नकोस, सांडतो." चहाची पातळी बोटभर खाली घेतली. मला ती पावतीच वाटली.

आता जरा तांत्रिक. ब्लर शक्यतो टाळा. पीडीएफ करताना ब्लर असलेला भाग पिक्सेलच्या चित्रात बदलतो, म्हणजे ज्यासाठी व्हेक्टर निवडलं तेच हातचं जातं. मऊपणा हवा असेल तर ग्रेडियंटच्या एका टोकाची ओपॅसिटी शून्य करा. इंकस्केपमध्ये ०.९२ पासून, म्हणजे २०१७ पासून मेश ग्रेडियंट आहे, इलस्ट्रेटरमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून. वापरायला मजा येते, पण ब्राउझर एसव्हीजीमधला मेश दाखवत नाहीत. वेबसाठी साधे ग्रेडियंट आणि क्लिप एवढंच ठेवा. वरच्या ग्लासला तीस-चाळीस पाथ पुरतात. आणि आयकॉन डार्क मोडमध्येही दिसणार असेल तर कडांचे रंग सीएसएस व्हेरिएबलमध्ये ठेवा. उजेडात काळी कड, अंधारात पांढरी. नुसती पार्श्वभूमी बदलली तर ग्लास गायब होतो.

सरावासाठी एक वस्तू सुचवतो: प्रभाकर कंदील. कराडजवळ ओगलेवाडीला १९१६ मध्ये ओगले ग्लास वर्क्स सुरू झालं, तिथला हा कंदील. त्याच्याही आधी, १९०८ मध्ये, तळेगाव दाभाड्याला लोकांकडून पैसा-पैसा जमवून पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला होता. म्हणजे काच हा आपल्याकडे एके काळी स्वदेशीचा विषय होता. आजी-आजोबांच्या घरी माळ्यावर एखादा कंदील अजून सापडेल. त्याचे फोटो काढून ठेवा, कारण काच एकदा फुटली की तशीच पुन्हा मिळणं कठीण.

कंदिलात उजेड आत आणि अंधार बाहेर, म्हणजे ग्लासच्या बरोबर उलट. फुगीर काचेच्या कडा उजळ काढा, मधला भाग मोकळा सोडा. ज्योतीचं फिकट प्रतिबिंब आतल्या बाजूला येतं, ते विसरू नका. आणि बाहेरची तार बघा. पुढची तार अखंड जाते. मागची तार काचेआड जाते तिथे सरकते, कडेजवळ तर चांगलीच वाकते. काचेवर काहीही न रंगवता, नुसती ती तार सरकवली तरी तिथे काच आहे हे डोळ्याला कळतं.

तर या आठवड्याचा गृहपाठ: एक ग्लास, एक पार्श्वभूमी, तीन छटा. ग्रेडियंट अजिबात नाही. एवढ्यात काच दिसली तर पुढचं सगळं सोपं आहे. फाईल पाठवा, पुढच्या भागात त्यातल्या काही उघडून बघू. भेटूच.