तडा गेलेली चौकट आणि नाकारलेली हमी



पवना नदीच्या काठचे थेरगाव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील एक गजबजलेले उपनगर आहे. चिंचवड, भोसरी आणि चाकण येथील कारखानदारीने या परिसराचे रूप पालटले. रस्त्यांवर मोटारींची दाटी झाली. तरीही पाळीवर जाणारा कंत्राटी कामगार, पहाटे वर्तमानपत्रे पोहोचविणारा विक्रेता किंवा शाळेत जाणारी विद्यार्थिनी यांच्या दृष्टीने सायकल ही चैनीची नव्हे, तर गरजेची वस्तू आहे. अशा सायकलीच्या चौकटीला हमीच्या मुदतीतच तडा गेला आणि दुकानदाराने 'हे हमीत बसत नाही' असे सांगून ग्राहकाला परत पाठविले, तर नुकसान केवळ काही हजार रुपयांचे होत नाही. रोजच्या येण्याजाण्याची घडी विस्कटते, रिक्षा-बसचा खर्च अंगावर पडतो. रक्कम लहान म्हणून माणूस गप्प बसतो आणि सदोष माल विकणाऱ्याचे फावते.

वास्तविक दुकानदाराचा नकार हा वादाचा शेवट नसतो. तडा कशामुळे गेला, हा या वादातील खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर दुकानदाराच्या तोंडी शब्दावर नव्हे, तर पुराव्यावर ठरावयाचे असते. म्हणून ग्राहकाने सर्वप्रथम तो पुरावा जपला पाहिजे.

तडा काय सांगतो

सायकलीची चौकट ही नळ्यांची जुळणी असते. चालविणाऱ्याचे वजन, पायडलवरील जोर आणि रस्त्यावरील खड्ड्यांचे धक्के हे सारे नळ्यांच्या जोडांवर येते. जोड नीट भरलेला नसेल, किंवा जोडताना नळी फाजील तापून कमजोर झाली असेल, तर तेथे केसासारखी बारीक चीर पडते आणि प्रत्येक फेरीगणिक वाढत जाते. यालाच धातूचा थकवा म्हणतात. यंत्रांवर काम करणाऱ्या या पट्ट्यातील कामगाराला ही गोष्ट नवी नाही. अशा तुटीचा जुना भाग बहुधा गुळगुळीत व काळपट दिसतो, तर शेवटी तुटलेला भाग खरबरीत व चकचकीत असतो.

याउलट सायकल समोरून आदळली असेल, तर हँडलच्या मागे वरच्या व खालच्या नळीला फुगवटा येतो, रंगाला सुरकुत्या पडतात आणि पुढचा चिमटा मागे वळतो. सीटची दांडी तिच्यावरील खुणेपेक्षा जास्त वर ओढलेली असेल, तर सीटच्या नळीच्या तोंडाशी चीर पडू शकते. पहिल्या प्रकारात दोष निर्मितीचा असण्याचा संभव अधिक, नंतरच्या दोहोंत वापराचा. ग्राहकानेही आपल्या सायकलीकडे याच प्रामाणिक नजरेने पाहावे. प्रत्येक तडा कारखान्याच्या माथी मारता येत नाही.

वेल्डिंगची घाई नको

औद्योगिक वस्तीत वेल्डिंगचे दुकान हाकेच्या अंतरावर असते. थोड्या पैशांत चीर बुजवून घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी कामावर जावे, असा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु वेल्डिंग केले की तड्याची मूळ खूण पुसली जाते आणि 'बाहेरून दुरुस्ती केली' हे नकाराचे आणखी एक कारण उत्पादकाच्या हाती पडते. तडा गेलेली सायकल चालविणेही धोक्याचे असते. म्हणून तिचा वापर त्याच दिवशी थांबवावा. तड्याची जवळून व दुरून, आणि चौकटीवरील क्रमांकाची स्वच्छ छायाचित्रे घ्यावीत. बिल, हमीपत्र व पूर्वीच्या दुरुस्तीच्या पावत्या एकत्र ठेवाव्यात. जाणकार कारागिराचा लेखी अभिप्राय मिळाल्यास तोही जोडावा. सायकल दुकानात तपासणीसाठी ठेवावयाची असेल, तर तिच्या स्थितीची नोंद असलेली पोच घेतल्याशिवाय ती सोडू नये.

त्यानंतर दुकानदार व उत्पादक या दोघांनाही लेखी अर्ज द्यावा आणि नकार असल्यास तो कारणासह लेखी मागावा. तोंडी नकार पुढे बदलता येतो, लेखी नकारातील कारण मात्र तपासता येते. 'अपघात झाला' असे लिहिले, तर अपघाताची खूण कोठे, हे विचारता येते. 'जादा वजन' म्हटले, तर वजनाची मर्यादा विक्रीच्या वेळी कोठे सांगितली होती, हा प्रश्न उभा राहतो.

हमीपत्रापलीकडचा कायदा

हमीपत्रातील बारीक अक्षरांतील अटी हाच सारा कायदा, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. 1930 च्या वस्तुविक्री अधिनियमानुसार, त्या मालाचा व्यापार करणाऱ्या विक्रेत्याकडून वर्णनावरून घेतलेली वस्तू विक्रीयोग्य दर्जाची असली पाहिजे, ही अट कायद्याने गृहीत धरलेली आहे. लेखी हमी दिली, एवढ्यावरून ही अट नाहीशी होत नाही. दोहोंत विसंगती असेल तरच ती बाजूला पडते.

ग्राहकाच्या बाजूने स्वतंत्र कायदा असावा, यासाठी महाराष्ट्रात दीर्घ प्रयत्न झाले. बिंदुमाधव जोशी यांनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. 24 डिसेंबर 1986 रोजी ग्राहक संरक्षण अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्या कायद्याची जागा 2019 च्या अधिनियमाने घेतली व तो जुलै 2020 पासून अंमलात आला.

या कायद्यातील ग्राहकाची व्याख्या सायकलीच्या बाबतीत विशेष उपयोगी आहे. पित्याने विकत घेतलेली सायकल त्याच्या संमतीने कन्या वापरीत असेल, तर तीही ग्राहक ठरते. केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका चालविण्यासाठी सायकल वापरणारा दूधवाला किंवा वर्तमानपत्र विक्रेता 'व्यापारी वापर' या सबबीखाली कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही. खरेदीचे बिल न देणे हीदेखील अनुचित व्यापारी प्रथा मानली गेली आहे.

दाद कोठे मागावी

लेखी अर्जाने काम न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. हेल्पलाइनला निवाड्याचे अधिकार नसले, तरी उत्पादकाशी संपर्क साधून तडजोड घडविण्याचा मार्ग तेथे खुला होतो. त्यानंतरची पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाची. उत्पादक लुधियानाचा असला, तरी थेरगावच्या रहिवाशाला पुणे जिल्ह्याच्या आयोगाकडेच तक्रार करता येते, कारण 2019 च्या कायद्याने तक्रारदाराच्या राहण्याच्या किंवा कामाच्या ठिकाणी दाद मागण्याची सोय केली आहे. वस्तूसाठी दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही. वकील नेमणे सक्तीचे नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत पाळणे आवश्यक आहे.

नोटीस मिळाल्यावर विरुद्ध पक्षाने 30 दिवसांत उत्तर द्यावयाचे असते आणि त्याला आणखी 15 दिवसांपलीकडे मुदतवाढ मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये हे निःसंदिग्धपणे सांगितले. तपासणीवाचून दोष ठरविता येत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. दोष सिद्ध झाल्यास तो दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे व भरपाई देणे असे आदेश आयोगाला देता येतात.

मर्यादांचे भान

ग्राहकाला दोन गोष्टींचे भान असावे. पहिली, दोष दाखविण्याचा भार प्रथमतः तक्रारदारावर असतो आणि प्रयोगशाळेचे शुल्क भरण्यास त्यालाच सांगितले जाऊ शकते. सायकलीच्या किमतीच्या मानाने हा खर्च जड वाटू शकतो. छायाचित्रे, लेखी नकार आणि कारागिराचा अभिप्राय यांचे मोल येथे कळते. तपासणीची आवश्यकता असलेले प्रकरण पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न कायद्याला अभिप्रेत असला, तरी प्रत्यक्षात अनेक प्रकरणे लांबतात. म्हणून सन्मानाची तडजोड पुढे आल्यास तिचा विचार करावा.

दुसरी, मागणी प्रमाणशीर असावी. हमीत सदोष भाग दुरुस्त किंवा बदलून देण्याचे वचन असेल, तर तेवढ्या आधारावर संपूर्ण नवे वाहन मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली मारुती मोटारीच्या एका प्रकरणात म्हटले. सायकलीच्या बाबतीतही नवी चौकट, ती बसविण्याची मजुरी आणि दरम्यान झालेला पावतीसह दाखविता येणारा प्रवासखर्च, अशी नेमकी मागणी अधिक टिकते.

गावपातळीवरचे कर्तव्य

कायदा पुस्तकात असून भागत नाही, तो गरजू माणसाच्या दारापर्यंत पोहोचावा लागतो. मानव विकास कार्यक्रमासारख्या योजनांतून शासन गरजू विद्यार्थिनींना सायकलीसाठी साहाय्य करते. अशा सायकलीची चौकट तुटली, तर त्या मुलीची शाळाच दुरावण्याची भीती असते. शिक्षकांनी सायकलीचे बिल व हमीपत्र यांची प्रत शाळेत जपून ठेवण्याची व्यवस्था केली, पंचायत सदस्यांनी एक पानाचा अर्ज लिहून देण्यास मदत केली आणि अधिकाऱ्यांनी योग्य कार्यालयाचा पत्ता आपुलकीने सांगितला, तर अनेक तक्रारी आयोगापर्यंत जाण्यापूर्वीच मिटू शकतील.

ग्राहकाने फुकटचे काही मागू नये आणि हक्काचे काही सोडू नये. दुकानातून नकार घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाला 'कारण लेखी मागा' एवढे सांगणारा कोणी शेजारी भेटला, तरी त्याची अर्धी वाट सरते.