गाडी, सरहद्द आणि कागद

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्याकडे दहावीच्या वर्गात "पुढे काय करणार?" असे विचारले, तर दोन-चार मुले तरी "ड्रायव्हर होऊन सौदीला जाणार" असे उत्तर देतात. या उत्तरात कमीपणाचे काहीच नाही. गाडी चालविणे हा कष्टाचा आणि इज्जतीचा धंदा आहे. परंतु गाडी चालविता येणे ही एक गोष्ट झाली, आणि परक्या मुलखात गाडीची मालकी, तिची ने-आण व तिची जोखीम समजणे ही दुसरी. पहिली गोष्ट उस्ताद शिकवितो. दुसरी गोष्ट कोणी मुद्दाम शिकवीत नाही, ती वाचूनच शिकावी लागते. म्हणून शाळेच्या व्यासपीठावरून आज हा विषय मांडीत आहे.

सरहद्द म्हणजे काय, हे आपल्या भागाला नवे नाही. आपला जिल्हा १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि शेजारचे सोलापूर इंग्रजी मुलखात. संस्थानाचे चलन वेगळे, टपाल वेगळे आणि जकातही वेगळी. आपल्या आजोबा-पणजोबांना सोलापूरचा बाजार करायचा, म्हणजे दुसऱ्या अमलाखाली जायचे होते. बैल तेच, गाडी तीच, रस्ताही तोच. पण हद्दीपलीकडचे कायदे निराळे. आजच्या मोटारगाडीलाही हेच लागू आहे. हद्द ओलांडताना गाडी सहज पलीकडे जाते, पण गाडीवरचा आपला हक्क आणि गाडीचा विमा तिच्याबरोबर आपोआप जात नाही. त्यासाठी कागद लागतात. परदेशी निघालेल्या प्रत्येकाने म्हणून स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : गाडी कोणाच्या नावावर आहे? गाडी कोणत्या हद्दीत आहे? आणि गाडीची जोखीम कोणावर आहे?

पहिला प्रश्न नावाचा. परदेशी जाणारा तरुण तिकिटाला पैसे कमी पडतात म्हणून आपली मोटारसायकल किंवा जीप विकतो. ओळखीचा माणूस असतो, व्यवहार तोंडी होतो, कोऱ्या फॉर्मवर सह्या होतात आणि गाडी जाते. नाव मात्र आर.सी. बुकात तसेच राहते. दोन वर्षांनी त्या गाडीखाली कोणी सापडले, तर नोटीस कोणाच्या घरी येईल? ज्याचे नाव परिवहन कार्यालयाच्या दप्तरात आहे, त्याच्याच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केले. गाडी हातोहात चार जणांकडे गेली असली, तरी दप्तरात ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, आणि नुकसानभरपाईची जबाबदारीही त्याचीच. म्हणून विक्री झाली की फॉर्म २९ आणि फॉर्म ३० पूर्ण भरून द्यावेत. विकणाऱ्याने ही खबर राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि खरेदीदार परराज्यातला असल्यास ४५ दिवसांत द्यावयाची असते. आपल्याला बिदर व कलबुर्गी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे परराज्याचा हा नियम आपल्या उपयोगाचा आहे. धाराशिवच्या कार्यालयात एक खेप झाली तर दिवस मोडतो खरा. पण ती खेप न केल्यास पुढे कोर्टाच्या किती खेपा होतील, याचा हिशेब करावा.

काही जण गाडी विकत नाहीत, घरी ठेवून जातात. वडील रियाधला, मोटारसायकल अंगणात आणि किल्ली नववीतल्या मुलाच्या हातात, हे चित्र आपल्या गल्लीत नवे नाही. या पालकांना मी कळकळीने सांगतो. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक यांना ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड सांगितला आहे. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पुरी होईपर्यंत लायसन मिळत नाही. ज्याला उद्या ड्रायव्हर म्हणून परदेशी पाठवायचे स्वप्न आपण पाहतो, त्याचेच लायसन आपण आज हाताने अडवून ठेवतो. परदेशी जाणाऱ्याने किल्ली जबाबदार माणसाच्या हाती द्यावी, ज्याच्याकडे लायसन आहे त्याच्याच; आणि विम्याची मुदत संपण्याची तारीख घरातल्या भिंतीवर लिहून ठेवावी.

दुसरा प्रश्न हद्दीचा. मुले मला विचारतात, "सर, दुबईत गाड्या स्वस्त असतात, येताना एक घेऊन यायची का?" याचे उत्तर स्टिअरिंगपासून सुरू होते. सौदी अरेबिया, अमिराती, कुवेत, कतार, बहरीन आणि ओमान या सर्व देशांत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात व गाडीचे स्टिअरिंग डावीकडे असते. भारतात वापरलेली मोटार आयात करायची, तर स्टिअरिंग उजवीकडेच असले पाहिजे, वेगदर्शक काटा किलोमीटरचा पाहिजे, गाडी तयार होऊन तीन वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नसावा आणि ती मुंबई बंदरातूनच उतरली पाहिजे. पहिल्याच अटीवर आखातातली नेहमीची गाडी बाद होते. विलायतेतल्या गाडीचे स्टिअरिंग उजवीकडे खरे, पण तिथला काटा मैलांचा. शिवाय वापरलेल्या मोटारीवरचे शुल्क गाडीच्या किमतीपेक्षाही अधिक होते. "ती माझ्या सामानात धरा," असेही म्हणता येत नाही, कारण १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याने प्रवाशाच्या सामानाची व्याख्या करतानाच मोटार वाहन त्यातून वगळले आहे. टीव्ही येईल, कपडे येतील. गाडी सामान म्हणून येणार नाही. तेव्हा "गाडी सोडवून देतो, थोडे पैसे भरा," असे सांगणारा एजंट भेटला, तर त्याच्याकडे या अटींचा लेखी जुळणारा कागद मागावा.

थोड्या दिवसांसाठी स्वतःची गाडी घेऊन देशोदेशी फिरायचे असेल, तर 'कार्ने' नावाचे एक पुस्तक मिळते. प्रत्येक देशात शिरताना आणि निघताना त्याच्या पानावर शिक्का पडतो. ही गाडी इथे विकली जाणार नाही, परत जाईल, याची ती हमी असते. गाडी परत न नेल्यास त्या देशाचे शुल्क भरावे लागते. म्हणजे पाहुण्या गाडीलासुद्धा जामीनदार लागतो.

माणसाच्या लायसनचेही तसेच आहे. आपल्या परिवहन कार्यालयातून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्षाचा असतो, आणि तो पाहुण्याच्या उपयोगाचा. आखातात नोकरी करून राहणाऱ्याला तिथलेच लायसन काढावे लागते. आपल्याकडे दहा वर्षे ट्रक चालविलेला माणूसही तिथे उजव्या बाजूच्या रस्त्यावर पुन्हा परीक्षेला बसतो. त्या परीक्षेत चिन्हे वाचायची असतात, नियम सांगायचे असतात. हात तयार असून भागत नाही, डोळ्यांना वाचनाची सवय लागते.

तिसरा प्रश्न जोखमीचा, म्हणजे विम्याचा. विम्याविषयी आपल्या समाजात मतभेद आहेत, ते मी जाणतो. तो विषय आलिमांचा आहे, मी शाळामास्तर त्यात पडत नाही. परंतु एक फरक ध्यानात घ्यावा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा घेणे-न घेणे ही मालकाची मर्जी. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर त्याला भरपाई मिळावी, म्हणून जो तृतीय पक्ष विमा असतो तो कायद्याने सक्तीचा आहे. तो आपल्यासाठी नसून रस्त्यावरून चालणाऱ्या परक्या माणसाच्या हक्कासाठी आहे. सौदी अरेबियातही वाहनाचा असा विमा सक्तीचा आहे आणि तिथल्या विमा कंपन्या सहकारी पद्धतीच्या कायद्याखाली चालतात.

भारतात काढलेली मोटार पॉलिसी भारताच्या हद्दीत चालते. जादा हप्ता भरल्यास नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, पाकिस्तान आणि मालदीव या शेजारी देशांपुरती ती वाढविता येते. आखाताचे नाव त्यात नाही. अरब देशांनी आपसांत १९७५ साली करार करून एक नारिंगी विमा कार्ड ठरविले. एका अरब देशातली गाडी दुसऱ्यात नेताना ते लागते. दुबईत गाडी घेतली आणि ईदच्या सुट्टीत मस्कतला निघालो, तर निघण्याआधी आपली पॉलिसी ओमानमध्ये चालते की नाही, हे पाहावे लागते.

आता सर्वांत गंभीर मुद्दा. आपली बहुतेक मुले तिथे स्वतःची गाडी घेत नाहीत, मालकाच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागतात. गाडी मालकाची, पण अपघातात माणूस गेला तर दियाची, म्हणजे मृताच्या वारसांना देण्याच्या भरपाईची, जबाबदारी चूक करणाऱ्या चालकावर येते. सौदी अरेबियात चुकून झालेल्या मृत्यूची दिया २०११ साली ३ लाख रियाल इतकी वाढविण्यात आली. आपल्या एखाद्या ड्रायव्हरने आयुष्यभर बचत केली, तरी ही रक्कम जुळणे कठीण. विमा चालू असेल तर कंपनी ती भरते. पण चालकाकडे लायसन नसेल किंवा त्याने उलट दिशेने गाडी घातली असेल, तर कंपनी भरलेली रक्कम त्याच्याकडून वसूल करू शकते. म्हणून मालकाने किल्ली दिली की आधी तीन कागद पाहावेत : इस्तिमारा, म्हणजे तिथले आर.सी. बुक, चालू तारखेची विमा पॉलिसी, आणि ही गाडी चालविण्याची आपल्या नावची परवानगी. मालकाकडे कागद मागणे म्हणजे बेअदबी नव्हे. दुसऱ्याची गाडी ही आपल्या हाती दिलेली अमानत आहे, आणि अमानत घेताना हिशेब विचारून घ्यावा.

परत येतानाही हेच. सौदीतून कायमचे निघायचे, तर नावावरची गाडी आधी विकावी किंवा दुसऱ्याच्या नावावर करावी लागते, दंड भरावे लागतात. विमानाचे तिकीट हातात आणि गाडी नावावर, अशी स्थिती शेवटच्या आठवड्यापर्यंत येऊ देऊ नये.

गाडीच्या विम्याबरोबर माणसाच्या विम्याचेही दोन शब्द. दहावी न झालेल्या कामगाराला आखाती देशांत नोकरीसाठी जाताना उत्प्रवास खात्याची परवानगी लागते. दहावी पास असल्यास त्या तपासणीतून सूट मिळते. परवानगी घेऊन जाणाऱ्यास प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांना २७५ रुपये किंवा तीन वर्षांना ३७५ रुपये हप्ता, आणि अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण. मात्र ती पॉलिसी घरात कोठे ठेवली आहे हे बायकोला किंवा आईला माहीत नसेल, तर असून नसल्यासारखी. व्हिजिट व्हिसावर नेऊन कामाला लावणारे एजंट ही सारी व्यवस्था टाळतात, आणि नुकसान घराचे होते.

पालकहो, सास्तूरला कागदाची किंमत कोणी नव्याने सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा घरांबरोबर पेट्याही मातीखाली गेल्या. त्या पेट्यांत खाते-उतारे होते, दाखले होते. जे आपल्या हाती नाही ते अल्लाहच्या मर्जीवर सोडावे. पण जे हाती आहे, ते नीट करून ठेवावे. पासपोर्ट, लायसन, आर.सी. आणि विमा यांच्या दोन-दोन प्रती काढाव्यात. एक प्रत घरी, एक नातेवाइकाकडे, आणि मोबाईलमध्ये फोटो.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एक काम देतो. आज घरी जा. घरात जी गाडी असेल, मोटारसायकल असो की टमटम, तिची विमा पॉलिसी मागून घ्या आणि मोठ्याने वाचून दाखवा. नाव कोणाचे, मुदत केव्हा संपते, विमा कोणकोणत्या नुकसानीचा आहे, हे अब्बा-अम्मींना समजावून सांगा. जो शब्द अडेल तो सोमवारी वर्गात फळ्यावर लिहा, आपण तो सोडवू. स्टिअरिंग धरायला दहावी लागत नाही, असे काही जण म्हणतात. परक्या देशात सही करताना वर काय लिहिले आहे हे कळण्यासाठी मात्र शिक्षण लागतेच. तेवढे शिकून मग खुशाल जा, कमवा आणि सुखरूप परत या.