मुलांच्या हाती पहिली मोटार



ज्या व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत सर्व काही झाले, तेथे आज मोटारीवर बोलायला एक निवृत्त यंत्र-अभियंता उभा आहे. विषय काहींना हलका वाटेल. परंतु ज्यांच्या घरी सतरा-अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांना तो तसा वाटणार नाही.

गेल्या वर्षी माझी नात अठरा वर्षांची झाली. शिकाऊ परवाना आला, पाठोपाठ पक्का परवाना आला. घरात मोटारी दोन : मुलाची नवी आणि माझी २०१२ सालची. मी वडीलकीच्या नात्याने निवाडा दिला, "हात बसेपर्यंत हिला माझी जुनी द्या. घासली, ठोकली, तरी हळहळ नको." सर्वांनी माना डोलावल्या. नात तेवढी म्हणाली, "आजोबा, ठोकली जाईल तेव्हा आत मीच असेन ना?"

चाळीस वर्षे यंत्रांच्या सहवासात काढलेला मी निरुत्तर झालो. कारण आपण सारेच हा उलटा न्याय करतो. पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला फुटका भोपळा बांधावा आणि चांगला भोपळा पट्टीच्या पोहणाऱ्यासाठी राखून ठेवावा, तसाच हा प्रकार! ज्याच्या हातून चूक होण्याचा संभव सर्वांत अधिक, त्याच्या वाट्याला घरातली सर्वांत कच्ची गाडी येते.

गाडी निवडण्याआधी वयाचे बोलू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मोटारीच्या परवान्याला अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. "आमचा बाळू पंधराव्या वर्षीच गाडी चालवतो," असे कौतुकाने सांगणारे वडील आपण पाहतो. त्यांनी २०१९ ची दुरुस्ती वाचावी. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. मुलालाही पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

आता गाडीकडे वळू. जुन्या गाडीत नसते काय? घाबरलेला नवखा चालक ब्रेकवर सारा भार देऊन उभा राहतो. साध्या ब्रेकने चाके जागच्या जागी आवळली जातात, गाडी घसरत जाते आणि सुकाणू फिरवूनही ती वळत नाही. एबीएस या यंत्रणेत चाके आवळली जात नाहीत, त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. चालकापुढची हवेची पिशवी त्याच वर्षी जुलैपासून, आणि शेजारच्या माणसापुढची २०२२ पासून सक्तीची झाली. म्हणजे गाडी जुनीच घ्यायची असेल, तर शक्यतो २०२२ नंतरची घ्यावी. नवी घेणाऱ्याने 'भारत एनकॅप'चे तारे पाहावेत. गाडी मुद्दाम आदळून पाहण्याची ही परीक्षा ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याच देशात सुरू झाली आहे.

जुन्या गाड्यांच्या बाजारात प्रत्येक गाडी एकाच डॉक्टरांनी वापरलेली असते. इतके डॉक्टर कोठून येतात, हे मला कोडेच आहे! दलालाच्या तोंडाकडे न पाहता टायरकडे पाहावे. त्यावर चार आकडे असतात. २३१९ असे असेल, तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी उरली असेल, तर पहिल्या पावसात तो दगा देईल. आपला विश्वासू मेकॅनिक बरोबर न्यावा, आणि आरसीबुक व विमा दोन्ही नव्या नावावर होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये.

फार ताकदवान गाडीही नको. ते नाकापेक्षा मोती जड. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी, धोका दिसून पाय ब्रेकवर जाण्याच्या एका सेकंदात, सुमारे सतरा मीटर पुढे गेलेली असते. तरुण रक्ताला हे गणित पाठ असते, पण पायाला ते ठाऊक नसते.

गाडीबरोबर घरचे नियमही द्यावेत. न्यूझीलंडने १९८७ साली टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत सुरू केली. मधल्या टप्प्यातल्या चालकाने रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने गाडी चालवू नये आणि अनुभवी माणूस शेजारी नसताना मित्रांना बसवू नये, असे बंधन तेथे घातले. आपल्याकडे असा टप्पा कायद्यात नाही. म्हणून तो घरात असावा. पहिले सहा महिने रात्री गाडी नको, मित्रांचा घोळका नको, फोन दप्तरात, आणि पट्टा सर्वांना, मागच्यांनाही. पण एक ध्यानात ठेवावे : वडील पट्टा लावत नसतील, तर मुलगी ऐकणार नाही, पाहील.

आमच्या घरी शेवटी काय झाले? नव्या गाडीच्या किल्ल्या नातीकडे गेल्या आणि जुनीतून मी मंडईपर्यंत जातो. पहिल्याच आठवड्यात तिने गाडी फाटकाला घासली. दारावर हातभर ओरखडा उमटला. मुलाचा चेहरा पडला. मीही क्षणभर हळहळलो. मग नात गाडीतून उतरून, ओशाळून, आमच्यासमोर उभी राहिली, आणि आम्ही दोघेही गप्प झालो. पत्र्याला लावायचा रंग बाजारात मिळतो.