सापडलेला दागिना : कायदा आणि कर्तव्य



किनाऱ्यावरील वाळूत गळून पडलेली अंगठी डोळ्यांना दिसत नाही. धातुशोधक यंत्रास मात्र तिचा सुगावा लागतो. यंत्राच्या वेटोळ्यातून वाहणाऱ्या बदलत्या विद्युत्प्रवाहामुळे जवळच्या धातूत सूक्ष्म प्रवाह निर्माण होतात व यंत्र ध्वनी करते. सोने लोहचुंबकास चिकटत नाही, तरी विद्युद्वाहक असल्याने येथे ते लपत नाही. खाऱ्या पाण्याने भिजलेली वाळूही यंत्रास पुष्कळदा चकविते, हा भाग वेगळा!

खरा प्रश्न दागिना हाती आल्यावर उभा राहतो. ‘सापडेल त्याचे’ हा समज कायद्यास मान्य नाही. करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७१ नुसार, सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्याची जबाबदारी येते. मालकाचा वाजवी शोध न घेता ती लाटणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा ठरतो. मालकाने विशिष्ट बक्षीस जाहीर केले असल्यास ते मागण्याचा हक्कही सापडणाऱ्यास आहे. जमिनीत दडविलेल्या धनाची गोष्ट निराळी; त्याचे मूल्य १० रुपयांहून अधिक असल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावे लागते.

पोलीस ठाण्यात नोंद करताना सविस्तर वर्णन द्यावे. चारचौघांत मात्र देऊ नये. मंगळसूत्राची किंमत सोन्याच्या भावाने होत नाही. वाट्या कशा, सर किती पदरी, हे जिचे हरवले तीच भगिनी अचूक सांगेल. अलीकडच्या दागिन्यांवर सहा अंकाक्षरांची हॉलमार्क खूण असते. तीवरून सराफाचा माग लागतो आणि सराफाच्या पावतीपुस्तकावरून पुष्कळदा मालकाचाही.